थोरलीची हाक

१

दुपारची जेवणं आटोपली की आचल कापसाच्या खोलीत जायची आणि दार आतून ओढून घ्यायची.

आंजी गावात तिच्या बाबांच्या, रूपराव भोयरांच्या, घरामागं ती खोली होती. वेचणीचा कापूस तिथं पडायचा आणि भाव चढेल या आशेवर उन्हाळ्यापर्यंत पडून राहायचा. तिन्ही भिंतींना छतापर्यंत कापूस, मधे एका माणसापुरती जागा, तिथं एक टेबल, एक लॅपटॉप आणि आचलचे मोठे काळे हेडफोन. ऊन तापलं की त्या कापसानं अंगाला खाज सुटायची, मानेवर लाल पुरळ उठायचं. पण तसली शांतता साऱ्या गावात शोधून सापडली नसती. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तर पायाखालची जमीन तेवढी थरथरायची. आवाज कापूस वाटेतच पिऊन टाकायचा.

आचलचं काम ऐकण्याचं होतं. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन ती किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत लागली होती. आई गेली, बाबा एकटे पडले, तेव्हा ती परत आली आणि काम सोबत घेऊन आली. समुद्रात खोल सोडलेले माईक पाण्यातले आवाज टिपायचे, ते आवाज इंटरनेटवरून आंजीला यायचे, आणि आचल त्यांत देवमासे शोधत बसायची.

"मंजे तू इथं बसून समुद्रातले मासे आयकते?" बाबा विचारायचे.

"हो."

"अन् काय म्हन्तात ते?"

"तेच तं पाहून राह्यली मी, बाबा."

अरबी समुद्रातले हे देवमासे आता थोडेच उरलेत. दुसऱ्या समुद्रातले थंडी-उन्हाळ्याला हजारो मैल जातात, हे कुठं जात नाहीत. जन्मतात तिथंच मरतात. त्याच पाण्यात युद्धनौकांचा सराव व्हायचा होता. पाणबुडी शोधण्यासाठी जहाजं पाण्यात एक तीक्ष्ण नाद सोडतात आणि त्याचा पडसाद ऐकतात. त्या नादानं देवमाशांचं काय होतं, हे संस्थेनं तपासून सांगायचं होतं. सरावाआधी ते किती बोलतात, सरावात किती, नंतर किती. त्यावरून पुढचे सराव तिथं घ्यायचे की दुसरीकडे, हे समिती ठरवणार होती. या कामाचे प्रमुख नीरज सर. आचलला या क्षेत्रात बोट धरून त्यांनीच आणलं होतं. "तुझ्यासारखा कान मी पाहिला नाही," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि आचलच्या आयुष्यात तिच्या कानाचं कौतुक करणारे ते पहिलेच.

गाणी गातात ते नर. माद्या गात नाहीत, हाका देतात. पिल्लू लहान असलं तर अगदी हळू, शिकाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. एका मादीची हाक शेवटी जरा फाटायची, जुनं लुगडं टरकावं तशी. आचलनं तिचं नाव थोरली ठेवलं. थोरलीजवळ पिल्लू होतं. तिची हाक आली की पाठोपाठ त्याचे दोन बारीक हुंकार यायचे. इथंच आहे मी, इथंच आहे. त्या दोघांना ऐकताना आचलला मानेवरची खाजसुद्धा आठवायची नाही.

२

सराव दिवाळीआधी झाला.

त्या दिवसांचे आवाज आचलनं ऐकले ते दात आवळून. पाटीवर खिळा ओढावा तसा तो नाद होता, फक्त पाटी आपल्या डोक्याच्या आत. दोन नादांच्या मधल्या जागेत थोरली हाका देत होती, आणि आता हळू नव्हती देत. पिल्लानं एकदा हुंकार दिला. एकच, अर्धा. मग पुन्हा नाद. मग एकटी थोरली. मग तीही नाही.

त्यानंतरच्या आवाजांत नुसतं पाणी होतं आणि तळाच्या झिंग्यांची तडतड, कढईत मोहरी तडकावी तशी. आचलनं सरांना फोन करून सगळं सांगितलं.

"घाई करू नकोस," सर म्हणाले. "माईक बिघडला असेल. जनावरं जरा लांब गेली असतील. आपण धीरानं घ्यायचं."

तिनं धीरानं घेतलं. हिवाळा गेला, शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या. एका दुपारी सरांचा निरोप आला, "सापडली!" आणि सोबत नवे आवाज. सरावानंतरच्या महिन्यांतले, दुसऱ्या एका माईकवरचे.

आचलनं हेडफोन चढवले. पाणी. झिंग्यांची तडतड. आणि मग शेवटी फाटणारी ती हाक. आचलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि हाकेपाठोपाठ, जरा दुरून, दोन बारीक हुंकार.

ती तशीच बाहेर धावली. "बाबा, जित्ते हायेत! दोघंबी जित्ते हायेत!"

बाबांना सगळं उमगलं नाही, पण पोरीचा चेहरा कळला. त्यांनी घरात जाऊन गुळाचा खडा आणला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती तेच आवाज पुन्हा ऐकत होती. आता आनंद बाजूला ठेवून, कामासारखे. हाकेची लांबी, हुंकाराचं अंतर. थोरलीच्या एका हाकेमागं तिच्या कानाला काहीतरी लागलं. टक. टक. खडकावर शिंपला आपटत असेल. आपटतात मासे. तिनं झिंग्यांची तडतड गाळून टाकली, मागचा आवाज वर आणला.

टक. टक. आणि मग, चाळीस हात पाण्याखालून, म्हातारा, मायाळू आवाज:

"आचले, चाय झाली वं."

३

तिनं आधी हेडफोन काढून बाहेर कानोसा घेतला. बाबा ओसरीवर झोपले होते. पुन्हा लावला आवाज. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला, जसा काही दोष यंत्राचा होता.

बाबा उठल्यावर तिनं हेडफोन त्यांच्या कानांना लावले. ते आधी हसले, मग हसू थांबलं.

"हा तं मीच हाओ."

"तुम्हीच ना?"

"मीच. पण समुद्रात काऊन जाईन मी?" ते विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "अवं, तो दिवस नाई काय! दिवाई झाल्यावर. मशीन अंदर चालू हाय, आवाज नोका करू म्हणलं होतं तू मले. अन् तू इथं ओसरीवर मिरच्या खुडत बसली होती. मी इसरलो. दारावर काठी ठोकली, चाय झाली म्हणलं. तू कावली नाई काय माह्यावर?"

आचल कावली होती खरी. सगळं लख्ख आठवलं. दिवाळीनंतर सरांनीच सांगितलं होतं, तुझी खोली किती शांत आहे ते एकदा तपासू. थोरलीच्या जुन्या हाका स्पीकरवर लाव, समोर रेकॉर्डर ठेव, दार बंद कर आणि दुपारभर आत जाऊ नकोस. तिनं अक्षरशः तसं केलं होतं आणि झालेलं रेकॉर्डिंग न ऐकताच सरांकडे पाठवून दिलं होतं. सरांनी मागितलं होतं म्हणजे त्याला अर्थ असणारच.

त्याला अर्थ होता. दिवाळीलाच सरांना कळलं होतं की समुद्र गप्प झालाय. त्यांना जिवंत वाटेल अशी थोरली हवी होती. जुनी हाक जशीच्या तशी पुन्हा वापरली तर कुणीही ओळखलं असतं. खोलीतून, हवेतून, कापसातून गेलेली हाक वेगळी वाटते. दुरून आल्यासारखी. वरून थोडं पाणी, थोडे झिंगे. झालं.

फोन सरांनी लगेच उचलला.

"सर, ती थोरली आमच्या घरातली आहे."

सर अगदी मायेनं बोलले. "आचल, ऐक. देवमासे आहेतच. आपल्याला ऐकू येत नाहीत, एवढंच. माईक नाही तिथं, म्हणून आपण ती जागा भरली. समिती कोरी जागा पाहत नाही, बाळा. कोरी जागा दिसली की संस्थाच बंद करतात. आणि अहवालावर पहिलं नाव तुझं आहे, माहीत आहे ना? माझंही नाही."

"पहिलं नाव मला नको, सर. मी समितीला सांगणार."

"सांग की," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो का नव्हता, ते तिला त्या वेळी उमगलं नाही.

४

समितीपुढं दाखवायला मूळ रेकॉर्डिंग हवं होतं. रेकॉर्डर टेबलाच्या खणात होता, दुपारभराचा आवाज त्यात तसाच पडलेला. आचल पहिल्यांदाच तो ऐकायला बसली.

स्पीकरवरची थोरली हाक देत होती. शांतता. पुन्हा हाक. शांतता. कापूस सगळं पिऊन टाकत होता.

मग तिच्या मनात जे कालपासून ठुसठुसत होतं ते समोर येऊन उभं राहिलं. तिनं स्पीकरवर लावली होती ती फक्त थोरली. पिल्लाचे हुंकार तिनं लावलेच नव्हते. सरांनी पाठवलेल्या आवाजांत ते होते. म्हणजे ते सरांनी नंतर मिसळले असणार. दुसरं काय असणार?

हाक. शांतता. हाक. शांतता. आणि दारावर काठी वाजण्याच्या बरंच आधी, एका हाकेनंतर, कापसाच्या आत खोलवर काहीतरी सरकलं. भरल्या पोत्यावर कुणी अंग टाकावं तसा दबका आवाज. मग एक लांब उच्छ्वास. ओला.

आणि दोन हुंकार.

आचलनं स्वतःला समजावलं. स्पीकरचा पडसाद असेल. पण पडसाद हाकेसारखा असतो, हुंकारासारखा नाही. मग कबुतर. मग तिनं संग्रहातले पिल्लाचे सगळे हुंकार एकेक करून ताडून पाहिले. एकही जुळला नाही. पिल्लू तेच होतं; त्या बारीक आवाजाच्या शेवटाला तोच छोटा चढ होता. पण हे हुंकार त्यानं आधी कधी दिलेले नव्हते. आणि ऐकत गेली तसतसे ते जवळ येत गेले. दुपार संपता संपता ते रेकॉर्डरच्या इतके जवळ होते की त्यांच्यामागचा श्वास माईकवर खरखरत होता.

तिची पाठ कापसाकडं होती. तिनं हेडफोन काढले आणि वळून पाहिलं.

कोपऱ्यातला ढीग खाली बसला होता. आत एक खोलगट जागा झाली होती, म्हशीचं पारडू बसून उठावं एवढी. तिनं हात घातला. ऐन उन्हाळ्यात कापूस गार होता आणि ओला.

"धामण असंल," बाबा दारातून म्हणाले. "उंदरामागं येते कापसात. काही करत नाई ते. काडीनं हालवून पाह्यजो फक्त." मग जरा वेळानं, "घर गळते काय वं? पाणी काऊन दिसून राह्यलं?"

"नाई गळत, बाबा."

तिनं खोलीला कडी घातली. त्या दिवसापासून ती ओसरीवर बसून काम करू लागली. पण दुपार झाली की ट्रॅक्टर नसतानाही घरामागची जमीन किंचित थरथरायची, आणि आचलला कळायचं की आत कुणीतरी वाट पाहतंय. त्याच्या आईच्या, थोरलीच्या, आवाजानं त्याला इथवर बोलावलं होतं. ती हाक लावणारा हात आचलचा होता.

५

समितीची बैठक लॅपटॉपवर झाली. पडद्यावर चौकोनांत माणसं, मधल्या चौकोनात अध्यक्षबाई, कोपऱ्यात नीरज सर. आचलनं नीट कपडे केले होते, केस घट्ट बांधले होते. आजचा दिवस गेला की निदान समुद्रातल्या उरलेल्यांसाठी तरी काही होईल, एवढंच तिच्या मनात होतं.

ती न अडखळता बोलली. सरावानंतर देवमासे ऐकू आलेले नाहीत. अहवालातले आवाज खोटे आहेत. पुरावा म्हणून तिनं तो तुकडा लावला. थोरलीची हाक, टक टक, आणि बाबांचा आवाज. पडद्यावरची माणसं सावरून बसली.

"हा कोणाचा आवाज?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझ्या वडिलांचा."

"आणि हे रेकॉर्डिंग कुठं झालंय?"

"आमच्या घरी. आंजीला."

"कोणी केलं?"

आचल बोलायला गेली आणि थांबली. तिला दिसलं, आपण कुठं येऊन उभ्या राहिलो ते. "मी केलं," ती म्हणाली. "पण मला सरांनी—"

"आचल," सर हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा दुःखी होता. खरोखर दुःखी, इतका की क्षणभर तिचाही विश्वास बसला. "मी तुला किती वेळा सांगितलं, कामाचं दडपण आलं तर मला सांग. मॅडम, चूक माझीही आहे. एकट्या मुलीला इतक्या दूर घरी बसून करायचं काम दिलं. आई गेल्यापासून ती सावरलेली नव्हती. तिनं जे पाठवलं त्यावर मी विश्वास ठेवला."

"सर, तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं, खोली तपासायची म्हणून!"

"कोणती खोली, बाळा?"

आचलनं सगळ्या चौकोनांकडं पाहिलं. कुणी कागद चाळत होतं, कुणी चष्मा पुसत होतं. अध्यक्षबाईंनी तिचे आभार मानले. सरावानंतरचे आवाज बाद करून, सरावाचा परिणाम सिद्ध होत नाही, असं त्यांनी नोंदवायला सांगितलं. जहाजं पुढच्या हंगामात त्याच पाण्यात जाणार होती. पडदा काळा झाला.

थोड्या वेळानं सरांचा फोन आला. तिनं का उचलला, तिला सांगता आलं नसतं. कदाचित त्यांनी माफी मागावी म्हणून.

"तुला त्रास झाला, मला कळतं," सर म्हणाले. "वर्षभरात सगळे विसरतील. मी पाहीन तुझं." मग त्यांचा आवाज बदलला, पूर्वी शिकवताना व्हायचा तसा, उत्सुक. "एक मात्र सांग. ते पिल्लू कुठून आणलंस? मी तर फक्त थोरली मागितली होती. फार सुरेख केलंस गं. मीसुद्धा फसलो."

६

फोन खाली ठेवून आचल उठली. तिला राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. तिला एकच कळत होतं: जी खोटी हाक तिच्या नावावर गेली होती, ती एका जीवानं खरी मानली होती, आणि त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ते सांगायला सर येणार नव्हते.

ती घरामागं गेली, कडी काढली, आत शिरून दार ओढून घेतलं. बल्ब लावला.

कापूस पूर्वीसारखा राहिला नव्हता. तिन्ही ढीग मधल्या जागेकडं कलले होते, आणि टेबलाखाली, जिथं स्पीकर असायचा, तिथं कापूस सगळ्यात जास्त दबलेला होता. ती खाली बसली. हवेत ओल्या वाळूचा वास होता.

"आयक," ती म्हणाली. आवाज तोंडातून निघाला आणि कापसात गेला. "तुही माय इथं नाई रे. ते मी लावलं होतं. मशीनवर. तिचा आवाज होता, ते नव्हती. मले माहीत नव्हतं तू येशीन म्हणून."

तिनं कापसावर हात ठेवला.

"तुले फसवलं आम्ही. मलेबी फसवलं. पण आधी तुले."

कोपऱ्यातला कापूस हलला. उतारावरून मूठभर कापूस घरंगळला, आणि त्याच्या मागं काहीतरी काळं, गुळगुळीत, ओलं बल्बच्या उजेडात चमकलं आणि पुन्हा झाकलं गेलं. पाठ होती की पापणी, तिला कळलं नाही. मग गार वजन तिच्या गुडघ्याला येऊन टेकलं. वासरू टेकतं तसं, भरवशानं. तिच्या मांडीवरून पाणी ओघळलं. ते वजन वाढत गेलं, पाय जमिनीला दाबले गेले, आणि तिला कळून चुकलं की आपण सांगितलेलं त्याला समजलेलं नाही. त्यानं शब्द ऐकले नव्हते. त्यानं आवाज ऐकला होता; लक्ष देऊन, एकेक चढउतार, ती स्वतः महिनोन्‌महिने त्याला ऐकत आली होती तसा.

बाहेर चपलांचा आवाज आला. बाबा दाराशी थांबले.

"आचले, अंदर हायेस काय वं? जेवली नाई तू अजून."

तिनं ओ द्यायला तोंड उघडलं.

"हो, बाबा," कापसातून आवाज आला. तिचाच. शेवटाला फक्त एक छोटा चढ. "येते मी."

"ये मंग. भाकर टाकतो तव्यावर," बाबा म्हणाले. त्यांचं समाधान झालं होतं. चपला फरफटत स्वयंपाकघराकडं गेल्या.

आचलनं त्यांना हाक मारायचा प्रयत्न केला. छातीत आता पाणी दाटल्यासारखं झालं होतं, आणि जो काही आवाज निघाला तो कापसानं वाटेतच पिऊन टाकला. मग तिच्या अंगावरचं वजन हलकं झालं, आणि ते निघालं तसा दाराकडचा कापूस हळूहळू बाजूला सरू लागला.